दोन इंच आणि चार रेघा

रूबेन बॉरेटचं आयुष्य शेवटी दोन इंचांवर येऊन अडकलं. त्याची चाकांची खुर्ची सव्वीस इंच रुंद, आणि बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायचं दार चोवीस इंच. एक्क्याऐंशीव्या वर्षी हा गृहस्थ शिडी लावून आलुबुखाराच्या झाडावर चढला आणि "बेरिल, अगं काही होत नाही," असं बायकोला वरून सांगता सांगताच खाली आला. खुबा मोडला. तेव्हापासून त्याची खाट बैठकीत, आणि स्वयंपाकघर नुसतं दारातून बघायचं.

तुम्ही म्हणाल, अरुंद खुर्ची घ्या. रूबेनला पाठीमागून पाहिलेला माणूस असं म्हणणार नाही. बाहेरून वळसा घालून मागच्या दाराने न्यावं, तर तिथे दोन उंच पायऱ्या, आणि अंगणात बारा महिने आमच्या सफक परगण्याचा चिकणमातीचा चिखल. मुलगी पेट्रिशिया इप्सविचला राहते. तिने तिथे एक बैठं घर बघून ठेवलं होतं. "सगळी दारं छत्तीस इंच आहेत, बाबा," ती दर रविवारी फोनवर सांगायची. ऑक्टोबरपर्यंत इथलं दार रुंद झालं नाही तर दोघांनी तिकडे जायचं आणि हे पट्टक फार्म विकायचं, असं ठरलं होतं. म्हणजे पेट्रिशियाने ठरवलं होतं.

लग्न झाल्यापासून साठ वर्षं रूबेन त्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी, चुलीकडच्या टोकाला बसून जेवला. आता बेरिल तीन वेळा ताट घेऊन बैठकीत यायची आणि परत जाऊन टेबलाशी एकटी जेवायची, कारण चूल सोडून तिला चैन पडत नाही. दोघं दारातून एकमेकांवर ओरडायची.

"मीठ कमी आहे!"

"काय?"

"मीठ!"

"मीट तेच आहे, रविवारचं!"

"जाऊ दे," रूबेन मला म्हणायचा. "नेड, साठ वर्षं समोरासमोर भांडलो. असं लांबून भांडण्यात काही राम नाही रे."

मी नेड गॅरड. सुतार. पण कपाटं आणि पलंग करणारा नव्हे; ते काम पोटापुरतं कोणीही करतं. माझा बाप आणि मी, आम्ही या भागातल्या जुन्या लाकडी सांगाड्याच्या शेतघरांची दुखणी काढत आलो. पट्टक फार्म त्यातलंच. ओकचे खांब, ओकच्या तुळया, मधे कुडाच्या भिंती, वर कौलं, आणि सगळं घर साडेचारशे वर्षांपासून ओढ्याच्या बाजूला कललेलं. रूबेन पाहुण्यांना सांगतो की या तुळया बुडालेल्या स्पॅनिश जहाजाच्या आहेत. आमच्या जिल्ह्यात प्रत्येक घरमालक हेच सांगतो. त्या सगळ्यांचं खरं मानलं, तर स्पेनमध्ये आज काडी पेटवायलाही झाड उरलं नसतं.

जमीनही सरळ नाही. बैठकीपासून चुलीपर्यंत चांगला सात इंचांचा उतार आहे. बेरिल वाटाणे सोलायला बसली की निसटलेला प्रत्येक वाटाणा रूबेनच्या जागेखाली जमा होतो. टेबलाच्या दोन पायांखाली ठोकळे आहेत, तरी ताटातली ग्रेव्ही एकाच बाजूला जाते. रूबेनच्या खुर्चीचा अडसर सुटला की ती आपोआप घरंगळत दारापर्यंत येते आणि चौकटीला धडकून थांबते. दिवसातून चार वेळा हा आवाज व्हायचा. धडक, मग शिवी.

आता दार रुंद करायचं म्हणजे चौकटीचा डावा खांब सरकवायचा. एका दिवसाचं काम. पण असल्या घरांची सरकारी यादी असते, आणि त्या यादीतल्या घरात खिळा मारायचा तरी जिल्हा कचेरीला विचारावं लागतं. बेरिलने अर्ज केला. मे महिन्यात कचेरीच्या वारसा अधिकारी आल्या, फॉसेटबाई.

तिशीच्या असतील. डोक्याला विजेरी बांधलेली, गळ्यात भिंग, गुडघ्यांना गाद्या. घरात शिरताना कपाळ आपटलं नाही, यावरून मी ओळखलं की बाईंना जुन्या दारांची सवय आहे.

"ही सगळी लाकडं स्पॅनिश जहाजाची आहेत, पोरी," रूबेन म्हणाला.

"नाहीत," बाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

मला बाई आवडल्या. पहिल्या खांबापासून सुरुवात करून त्या एकेक खांब हाताने चाचपत, भिंगातून बघत निघाल्या. जुने सुतार सगळा सांगाडा आधी आपल्या आवारात जमिनीवर जुळवायचे, प्रत्येक सांध्याला रेघांनी नंबर द्यायचे, मग सगळं सुटं करून जागेवर नेऊन उभं करायचे. एका खांबाला एक रेघ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. चौथ्याला सरळ चार उभ्या रेघा. बाई तिसऱ्यावरून दाराच्या डाव्या खांबापाशी आल्या, चौथ्या. आणि थांबल्या.

"अगं आई," त्या हळूच म्हणाल्या.

मग त्या गुडघ्यांवर बसल्या. फोन काढून त्यात बोलायला लागल्या. "खांब क्रमांक चार. अप्रतिम. वाकसाच्या घावांची लय बघण्यासारखी. चार रेघा, तत्कालीन हत्याराने. छातीच्या उंचीवर सहा पाकळ्यांचं फूल, चेटकिणींना अडवण्यासाठी. त्याखाली मेणबत्तीचा डाग, तोही त्याचसाठी मुद्दाम दिलेला. या घरातला सर्वांत महत्त्वाचा घटक. जिल्ह्यात याहून चांगला मी पाहिलेला नाही."

तुम्हाला आता सांगायला हरकत नाही. तो खांब मी केला होता.

सत्त्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात ते वादळ आलं तेव्हा ओढ्याकाठचा मोठा ओक आडवा झाला, आणि घराला असा हिसका बसला की किड्यांनी पोखरलेला हा खांब बुडाशी मोडला. मी पस्तिशीतला, अंगात मस्ती. त्याच पडलेल्या ओकमधून ओला खांब काढला, बापाच्या वाकसाने तासला, बापाच्याच रेघणीने चार रेघा ओढल्या. रूबेनची आई तेव्हा होती. जुन्या खांबावर फूल होतं, ते नसेल तर चेटकिणी दारातून येऊन दूध नासवतील, असं तिने बजावलं. म्हणून फूल कोरलं. मग हात थांबेना. मेणबत्तीचा डाग दिला, साखळीने बडवलं, काजळी चोळली, आठवडाभर गार चहा पाजला. परवानगी घ्यायची असते हे मला माहीत होतं. पण ती मी घेतली नाही.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात गावच्या इतिहास मंडळाचे लोक येतात आणि त्या खांबावर हात फिरवून उसासे टाकतात. मी मागे उभा असतो. माझ्या आयुष्यात त्यासारखं सुख दुसरं नाही. माझ्या लग्नातही इतका खूश नव्हतो.

फॉसेटबाई उठल्या. गुडघे झटकले. "मिसेस बॉरेट, मला वाईट वाटतं. दुसरा कुठलाही खांब असता तर विचार केला असता. याला हात लावू देता येणार नाही."

आणि मी, खोटं कशाला बोलू, मी फुललो. पाचेक सेकंद असेन. अधिकारी बाई, भिंग लावून, गुडघ्यावर बसून, माझ्या कामाबद्दल! मग मी रूबेनकडे पाहिलं. त्याने फक्त दारातून चुलीकडे पाहिलं, जिथे त्याची रिकामी खुर्ची अजून तशीच टेबलाला लावून ठेवलेली होती. बेरिल म्हणाली, "चहा टाकते," आणि पाठ फिरवून गेली. केटलीत पाणी न घालताच तिने ती चुलीवर ठेवली.

"बाई," मी म्हणालो, "तो खांब मी केलाय."

"काय?"

"सत्त्याऐंशी साली. वादळानंतर."

बाई हसल्या. समजूतदारपणे, जसं म्हाताऱ्यांकडे बघून हसतात तसं. "मिस्टर गॅरड, तुमच्या मित्रासाठी तुम्ही हे बोलताय, ते मला कळतंय. पण मी बारा वर्षं हेच बघतेय."

"अहो, डाग मी दिला!"

"असला डाग नुसता ज्योतीने पडत नाही. ज्योत तिरकी धरून, कोळसा खरवडून, पुन्हा जाळावं लागतं. आजच्या सुतारांना माहीतही नसतं."

"तसंच केलं! तीनदा! बोट भाजलं माझं!"

"आणि वाकसाचे घाव ओल्या लाकडावरचे आहेत. आजकाल ओलं लाकूड कोण तासतं?"

"मी तासतो!"

"नेड, गप्प बस," रूबेन खुर्चीतून म्हणाला. "तुला आत टाकतील. बिनपरवान्याचं काम आहे ते. याला मुदत नसते, मी वाचलंय. शंभर वर्षांनी सापडलास तरी गुन्हा."

"शंभर वर्षांनी मी कशाला सापडतोय?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बत्तीस वर्षं मी हे लपवलं, आणि आता कबूल करतोय तर कोणी ऐकेना. सगळ्यात राग कशाचा आला सांगू? बाई माझ्या तोंडावर माझीच स्तुती करून मला खोटं पाडत होत्या.

"पुरावा आहे," मी म्हणालो. "त्या खुंटीच्या मागे."

खांबाच्या डोक्यावरच्या तुळईत चार लाकडी खुंट्या आहेत. तीन सांधा धरतात. चौथी मी नुसती हाताने दाबून बसवली होती, आणि तिच्यामागे भोकात एक कागद मेण लावून गुंडाळून ठेवला होता. आमच्या धंद्यात बहुतेक जण काहीतरी ठेवतात, कोणी नाणं, कोणी जुना बूट. सांगावंसं तर वाटतं, पण कोणाला सांगायची सोय नसते, म्हणून.

"खुंटी काढायची?" बाई दचकल्या. "त्याला लेखी परवानगी लागेल. आठ आठवडे."

"आठ आठवडे?" बेरिल दारात येऊन उभी होती. हातात कप आणि केकचा ट्रे. तिने ट्रे खाली ठेवला. त्या चौथ्या खुंटीवर रूबेनची टोपी लटकत होती. तीस वर्षं तिथेच लटकते, रूबेन पडल्यापासून कोणी काढली नव्हती. "याची टोपी धुवायला टाकायचीय," बेरिल म्हणाली आणि टोपी अशी खेचली की खुंटी टोपीसकट हातात आली.

"अगं बाई," बेरिल म्हणाली. "आली वाटतं."

फॉसेटबाईंनी डोळे मिटले आणि उघडले. मग पिशवीतून चिमटा काढून त्यांनी स्वतःच भोकातून ती सुरळी ओढली. मेण खरवडून उलगडली. वर्तमानपत्राचा कोपरा होता, तारीख २२ ऑक्टोबर १९८७, आणि समासात सुताराच्या पेन्सिलीने माझं अक्षर. बाईंनी मोठ्याने वाचलं.

"हा खांब नेड गॅरडने एकट्याने केला आणि बसवला. रूबेन नुसता उभा होता."

त्याखाली दुसरं अक्षर होतं. ते मीही कधी पाहिलं नव्हतं. मी खुंटी आणायला गेलो असेन तेव्हा लिहिलं असणार.

"नुसता उभा नव्हतो. धरून होतो. रू. बॉ."

रूबेनने हात पुढे केला. बाईंनी कागद दिला. त्याने तो लांब धरून वाचला, मग जवळ धरून वाचला.

"तासभर धरला होता मी तो," तो म्हणाला. "डोक्यावर तुळई, खाली काही नाही. आणि हा हरामखोर चहा पीत होता." मग जरा वेळाने, "कसा उभा होतो रे मी तेव्हा."

मी खिडकीबाहेर बघितलं. तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं, कोंबड्या होत्या.

फॉसेटबाईंचे कान लाल झाले होते. त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि कोरड्या आवाजात म्हणाल्या, "खांब क्रमांक चार. दुरुस्ती. विसाव्या शतकातली भर. महत्त्व: काही नाही."

"काही नाही?" मी म्हणालो. "आत्ता तर जिल्ह्यात याहून चांगला नव्हता!"

"मिस्टर गॅरड, तो चारशे वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट ती."

"लाकूड तेच आहे!"

"नेड," बेरिल म्हणाली, "जिंकतोयस ना, मग तोंड बंद ठेव."

पण बाई अजून खांबाकडे बघत होत्या, आता वेगळ्या नजरेने. फसलेल्या माणसाची नजर फार तीक्ष्ण होते. "एक सांगा. खांबावर चार रेघा तुम्ही कोरल्या. पण नंबर जोडीने असतो, खांबावर एक आणि वर तुळईवर एक. तुळईवरचा कुठे आहे?"

"झिजला असेल," मी म्हणालो. तेव्हाही मी स्वतःला हेच सांगितलं होतं.

"बाकी सगळे आहेत आणि हाच झिजला?" तुळईवर विजेरीचा झोत टाकत त्या डावीकडे सरकल्या. तिथे दाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर टांगलेलं असतं. दर वर्षी नवं येतं, खिळा तोच, रूबेनच्या आजोबांपासून. बाईंनी कॅलेंडर उचललं. मागे चुना होता. त्यांनी तो नखाने खरवडला.

चार रेघा. माझ्या रेघांपेक्षा जरा वाकड्या, घाईत ओढलेल्या, खऱ्या. शेजारी खुंट्यांची दोन जुनी भोकं, बुचं मारून बंद केलेली. त्यातल्या एका बुचातच तो खिळा मारलेला.

"मूळ खांब इथे होता," बाई म्हणाल्या. "सहा इंच डावीकडे. कोणीतरी पुढे कधीतरी दार अरुंद केलं, वारा येत असेल म्हणून. तुम्ही ज्याची हुबेहूब नक्कल केलीत तो खांबच मुळात चुकीच्या जागी होता."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तारीख बघायला मी हजार वेळा त्या कॅलेंडरपुढे उभा राहिलो असेन. इतिहास मंडळाला मी चौथ्या खांबावर अर्धा तास व्याख्यान देत असे, तेही तिथेच उभं राहून, डोकं त्या रेघांना टेकवून. वाटलं, जमीन दुभंगावी. पण उतार बघता तिथूनही मी घरंगळत चुलीपाशीच गेलो असतो.

बाईंच्या चेहऱ्यावर मात्र पहिल्यांदा हसू आलं. "म्हणजे दार रुंद करण्याची परवानगी मी देऊ शकत नाही."

"काय?" बेरिलने ट्रेवरचा चाकू उचलला. केक कापायलाच, पण बाई एक पाऊल मागे सरल्या.

"ऐकून घ्या. परवानगी नाही, मी आदेश देणार आहे. बेकायदा बसवलेला खांब मिस्टर गॅरड यांनी तिथून काढावा, आणि मूळ जागी, जुन्या खाचेत बसवावा. तीन आठवड्यांत. आणि त्यावर यंदाचं साल कोरावं, ठळक, म्हणजे पुन्हा कोणी गुडघ्यावर बसणार नाही."

"आणि शिक्षा?" रूबेनने विचारलं.

"हीच. सत्त्याऐंशी साली माझा जन्मही झाला नव्हता," बाई म्हणाल्या. मग त्यांनी केकचे दोन तुकडे खाल्ले आणि जाताना खांबावरून हळूच एकदा हात फिरवला. मला दिसलं.

तीन आठवडे कशाला, पुढच्या मंगळवारीच मी तुळईला टेकू लावले. कुडाची भिंत सहा इंच कापली. वर जुनी खाच निघाली, चिमणीच्या घरट्याने भरलेली, पण आतून धडधाकट. खांब उचलून तिच्यात सरकवला. नव्या खाचेसाठी खांबाच्या टोकाला काढलेलं माझं कुसू जुन्या खाचेत बसेल का, याची मला रात्रभर धाकधूक होती. एक ढलपी तासावी लागली, बस. खालच्या चार रेघा वरच्या चार रेघांच्या बरोबर खाली आल्या. रूबेन पूर्ण वेळ खुर्चीत बसून सूचना देत होता, आणि पाचर ठोकायच्या वेळी त्याने पुढे वाकून दोन्ही हात खांबाला लावले.

"सोडू नकोस," मी म्हणालो.

"मागच्या वेळी सोडला होता?"

खुंटीच्या भोकात नवा कागद घालायचा होता. मी लिहिलं, "खांब नेड गॅरडने हलवला. या वेळी रूबेन नुसता बसला होता." रूबेनने पेन्सिल हिसकावून खाली लिहिलं, "बसून धरला होता." बेरिलने दोघांचं वाचलं आणि सगळ्यात खाली लिहिलं, "दोघे नुसते बोलत होते. चहा मी केला." मी सुरळी करून खुंटी दाबून बसवली आणि तिच्यावर धुतलेली टोपी अडकवली.

"चल, ढकलतो तुला," मी म्हणालो.

"हात लावू नकोस." रूबेनने खुर्चीचा अडसर सोडला.

खुर्ची हलली. सवयीने मी डोळे बारीक केले, धडक होणार म्हणून. धडक झाली नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच सोडून खुर्ची दारातून गेली आणि स्वयंपाकघराच्या विटांवरून खडखडत, टेबलाला वळसा घालून, वाटाणे जातात त्याच वाटेने चुलीकडच्या टोकाला जाऊन थांबली. बेरिलने त्याची जुनी खुर्ची आधीच बाजूला केली होती. ती हातात कढई घेऊन तशीच उभी राहिली.

मग रूबेनने ताटाकडे पाहिलं.

"ग्रेव्ही एका बाजूला गेलीय," तो म्हणाला.

"साठ वर्षं जातेय," बेरिल त्याच्या समोर बसत म्हणाली. "आत्ता दिसली?"

"मीठही कमी आहे."

"मग उठून घे!"

"उठून कसा घेऊ?"

"झाडावर बरा चढलास!"

दोघांचे आवाज चढले. मी हत्यारं गोळा केली. माझ्या नव्या सांध्याकडे कोणी ढुंकून बघितलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला त्याचं काही वाटलं नाही. दारातून बाहेर पडताना मला कळलं की माझे डोळे वाहतायत. मी कुडाच्या धुळीला दोन शिव्या दिल्या आणि साल कोरायचं राहिलं म्हणून परत आत गेलो.